कोऱ्या टेपची दहा मिनिटं

वाचकाचं पत्र:

ताई, मी मिरजेचा, वय 51. 1992 साली सांगलीला कॉलेजात जात होतो, तेव्हा एका मित्राच्या भावाच्या रेकॉर्डवरून पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतला. वडील जाऊन सहा महिने झाले होते, घरात रेडिओही लागत नव्हता. आईला झोप लागली की टेप अगदी बारीक आवाजात लावायचो. पहिली बाजू विसेक मिनिटांत संपायची, पुढची दहा मिनिटं कोरी टेप नुसती फिरायची. ती मी कधी पुढे पळवली नाही. खटका पडेपर्यंत तसाच पडून असायचो.

माझी मुलगी पुण्याला होस्टेलवर असते. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, "बाबा, त्या अल्बममधलं तुझं सगळ्यात आवडतं गाणं कुठलं? एकच सांग हं." मला सुचेना. मी 'टाइम' म्हणून मोकळा झालो, कारण सगळे तेच म्हणतात. तिनं ऐकलं, "भारी आहे" म्हणाली आणि विषय संपला. पण तेव्हापासून मला रुखरुख लागली आहे. मी तिला खरं सांगितलं नाही असं वाटतं, आणि खरं काय तेही मला माहीत नाही. तो अल्बम म्हणजे अख्खी पोथी आहे, त्यातली एक ओवी कशी काढू? 'अस अँड देम' म्हणावं की 'ब्रेन डॅमेज'? 'ग्रेट गिग'मध्ये तर शब्दच नाहीत, ते पोरीला काय सांगायचं? तुम्हीच काहीतरी मार्ग सुचवा.

*

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचं गाणं तुम्ही कधीच निवडलेलं आहे आणि ते याच पत्रात आहे. तिथवर येते. आधी पोथीचं बोलू, कारण ती अडचण खरी आहे आणि असा अल्बम मनापासून ऐकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ती येते.

पोथीतली ओवी काढता येते. आपण काढतोच. पसायदान म्हणजे ज्ञानेश्वरीच्या अगदी शेवटच्या ओव्या. शाळेत मुलं हात जोडून म्हणतात, कार्यक्रम संपताना म्हटलं जातं, आणि ते म्हणणाऱ्या बहुतेकांनी मागचे अठरा अध्याय वाचलेले नसतात. म्हणून ज्ञानेश्वरीला काही कमीपणा आला नाही. उलट कितीजण त्या ओव्यांचं बोट धरून मागे मागे जात पोथीपर्यंत पोचले.

आणि हा अल्बम ज्यांनी केला त्यांनीही तो मोडायला नकार दिलेला नाही. 'मनी' 1973 मध्येच अमेरिकेत एकटं बाजारात आलं, पुढच्या वर्षी 'अस अँड देम'. 2005 साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाइव्ह 8 या मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी बँडमधले चौघं कित्येक वर्षांनी एका मंचावर आले, तेव्हा या अल्बममधलं त्यांनी 'ब्रीद' घेतलं आणि 'मनी' घेतलं. बाकीचं सोडलं. त्यांना चालतं, तर तुम्हीही निवडायला हरकत नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथं गाणी सुटी सुटी रचून मग एका माळेत ओवलेली नाहीत. माणसाला आतून पोखरणाऱ्या गोष्टींवरच सगळा अल्बम करायचा, हे बँडमधल्या रॉजर वॉटर्सच्या मनात आधी आलं: हातातून निसटणारा वेळ, पैसा, मरण, युद्ध, वेड लागणं. शब्द सगळे त्याचे. मग ते सगळं त्यांनी 1972 भर गावोगावच्या मंचांवर वाजवलं, त्यात बदल केले, आणि अॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रण पुरं होता होता 1973 चा जानेवारी उजाडला. म्हणजे तुम्ही दहा गाण्यांतलं एक निवडता तेव्हा नुसती चाल निवडत नाही, यातलं कुठलं दुखणं आपलं आहे तेही सांगता. मुलीनं फोनवर एका दमात विचारलं आणि तुम्हाला सुचेना, यात नवल नाही.

आता ओळखायचं कसं. माझा अनुभव सांगते, तुम्हाला पटला तर घ्या. जे गाणं दिवसभर तोंडात येतं ते आवडतं असेलच असं नाही. 'मनी'चंच बघा. नाण्यांचा खळखळाट, गल्ल्याची घंटी, कागद फाटल्याचा आवाज, हे सगळं टेपचे तुकडे मापून कापून, एकाला एक चिकटवून त्यांनी तालात बसवलं. नाणी एका कुंभारकामाच्या भांड्यात फेकून मुद्रित केली होती. ताल सात मात्रांचा. आपल्याकडे रूपक ताल अंगात मुरलेल्या माणसाला तो लगेच पकडतो, आणि मधे गिटारचा मोठा तुकडा सुरू झाला की तो चारावर येतो आणि अंग मोकळं होतं. भाजी चिरताना माझ्या तोंडात हेच असतं. पण माझं आवडतं गाणं ते नाही.

सलग वाहणाऱ्या अल्बममध्ये आवडतं गाणं ओळखायची खूण मला एकच सापडली आहे: कुठल्या गाण्याची वाट तुम्ही त्याच्या आधीच्या गाण्यातच बघायला लागता? माझ्यापुरतं ते 'अस अँड देम'. 'मनी' विरत जातं, गिटार लांब जाते, माणसांचे बोलण्याचे आवाज उरतात आणि त्यांच्या खालून ऑर्गन हळूहळू वर येतो. तो ऐकू यायच्या आधीच माझा हात थांबलेला असतो. त्या चालीची गोष्टही माझ्या मनात घर करून आहे. बँडमधल्याच रिचर्ड राइटनं ती पियानोवर एका इटालियन दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी केली होती, दंगलीच्या प्रसंगासाठी. दिग्दर्शकाला ती रुचली नाही. ती पडून राहिली आणि पुढे तिच्यावर युद्धाचं, सैन्य पुढे ढकलणाऱ्या सेनापतींचं आणि पुढच्या रांगेत मरणाऱ्यांचं गाणं उभं राहिलं. इतक्या क्रूर गोष्टीवर इतकी हळुवार चाल दुसरी कुठली मी ऐकलेली नाही. डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो तेव्हा मला दर वेळी भरून येतं, आणि मी तो अक्षरशः शेकडो वेळा ऐकला असेल.

तर ही वाट बघण्याची खूण तुमच्या 'टाइम'ला लावून बघू.

'टाइम' मोठं गाणं आहे, त्यात वादच नाही. सुरुवातीची घड्याळं अॅलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकानं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती, तीही या गाण्यासाठी नव्हे, चार बाजूंनी ऐकू येणाऱ्या ध्वनीचा नमुना दाखवायला. ती एकदम ठणाणा करत सुटली की पन्नाशीतला माणूसही दचकतो. मग निक मेसनचे ते टोलासारखे ड्रम, घाई नाही, मिनिट उलटून गेलं तरी कोणी गात नाही. आणि मग ते शब्द: दिवस रटाळपणे ढकलणारा एक पोरगा, कुणी वाट दाखवेल म्हणून थांबलेला, आणि एक दिवस बघतो तर दहा वर्षं निघून गेलेली. शर्यत सुरू झाल्याचा इशारा त्याला कुणी दिलाच नव्हता. हे लिहिताना वॉटर्स तिशीलाही पोचला नव्हता. आयुष्य पुढे कधीतरी सुरू होणार आहे असं आपण समजत होतो आणि ते केव्हाच सुरू झालंय, हे त्याला तेव्हा उमगलं. आपल्यातल्या कुणाला हे लागू होत नाही? म्हणून सगळे 'टाइम' म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

पण तुमच्या पत्रात 'टाइम'बद्दल एकच वाक्य आहे, आणि तेही इतरांबद्दलचं. घड्याळांचा उल्लेख नाही, ड्रमचा नाही, गिटारचा नाही. तुम्हाला त्या गाण्याचा आदर आहे. ओढ वेगळी असते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आपण वाकून नमस्कार करतो, पण मनातलं बोलायला मावशीकडे जातो, तसं आहे हे.

ओढ कुठं आहे ते तुम्ही लिहून गेलात आणि तुमच्या ध्यानात आलं नाही. पहिली बाजू संपल्यावरची दहा मिनिटांची कोरी टेप तुम्ही कधी पळवली नाही. त्या काळात कॅसेट ऐकलेल्या कुणालाही विचारा. पुढे पळवायचं बटण होतं. सगळे पळवायचे, नाहीतर कॅसेट काढून उलटी घालायचे, बोटात पेन्सिल घालून फिरवायचे, सेल वाचवायचे. तुमचे तर पुढच्या बाजूला 'मनी' आणि 'अस अँड देम' थांबलेले होते. तरीही तुम्ही ती खरखर खटका पडेपर्यंत ऐकत राहायचात. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कुठलं? 'द ग्रेट गिग इन द स्काय'. त्याच्यामागून लगेच दुसरं काही ऐकायला तुमचं मन धजत नव्हतं.

तुमचं गाणं हे आहे, दादा. खुशाल म्हणा.

त्यात शब्द नाहीत याचा तुम्हाला संकोच वाटतो, आणि हे वाचून मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण तुम्ही मिरजेचे. तुमच्या गावच्या सतारमेकरांनी घडवलेले तंबोरे सगळ्या देशात वाजतात. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं. आलाप ऐकताना कुणी विचारत नाही की बुवा, शब्द कुठायत? स्वर लागला की माणूस समजतो.

त्या गाण्याचा जन्मही असाच आहे. आधी तो राइटचा ऑर्गनवरचा तुकडा होता. 1972 च्या कार्यक्रमांत त्याच्यावर बायबलच्या पठणाच्या टेप लावत. पुढे त्याचा पियानो झाला, पठण गेलं आणि वर काहीतरी हवं, पण काय, ते कुणाला सुचेना. ध्वनिमुद्रण संपत आलं होतं. पार्सन्सनं एक नाव सुचवलं, क्लेअर टॉरी. पंचविशीची, दुसऱ्यांची गाणी गाऊन पोट भरणारी गायिका. जानेवारी 1973 मधल्या एका रविवारी ती आली. तिला सांगितलं एवढंच: हे मरणाबद्दल आहे, शब्द नकोत. तिनं आधी काहीबाही शब्द घातले, ते त्यांनी नको म्हटले. मग तिनं ठरवलं की आपण गायिका नाहीच, आपण एक वाद्य आहोत. दोन-तीन वेळा गायली आणि निघून गेली. आपण जरा जास्तच ओरडलो, हे काही ते ठेवणार नाहीत, अशी तिची समजूत होती. पुढे दुकानात अल्बम दिसला, त्यावर आपलं नाव दिसलं, तेव्हा तिला कळलं.

त्या दिवसाचे तिला 30 पौंड मिळाले. रविवार म्हणून दुप्पट. 2004 साली तिनं दावा लावला की चाल पियानोची असेल, पण वरचं गाणं मी तिथं उभ्या उभ्या रचलं. 2005 मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून राइटच्या शेजारी तिचं नाव छापलं जातं. हे मला अतिशय योग्य वाटतं. बत्तीस वर्षं उशिरा झालं, पण झालं.

आणि तुम्ही ते बारीक आवाजात ऐकायचात, आई जागी होऊ नये म्हणून. लोक या गाण्याचं कौतुक करतात ते पहिल्या भागाचं. ड्रम येतात आणि तिचा आवाज एकदम वर फुटतो, घर दणाणतं, ते सगळ्यांना आठवतं. बारीक आवाजात लावल्यावर तो भाग उरतोच किती? उरतो तो नंतरचा. ड्रम थांबतात, पियानो एकटा राहतो आणि ती पुन्हा सुरू करते, पण आता आवाजात आकांत नाही. रडून रडून थकलेलं माणूस जसं भिंतीला टेकून हुंदके देतं तसा तो सूर खाली खाली येतो. मधेच एक बाई अगदी हळू बोलून जाते, मी मरणाला घाबरते असं कधी म्हणालेच नव्हते. बोलणं असं की कान देऊन ऐकलं तरच कळावं. मग पियानोही थांबतो.

वडील जाऊन सहा महिने झाले होते, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मीही तेवढ्यावरच थांबते. फक्त इतकंच म्हणते की ज्या घरात रेडिओ लागत नव्हता, तिथं हे एक गाणं लागू शकत होतं.

आता मुलीचं. तिला खोटं बोललो ही टोचणी काढून टाका, कारण तुम्ही खोटं बोलला नाहीत, एक पायरी अलीकडे थांबलात. 'टाइम'चं शेवटचं मिनिट आठवा. गाणं खरं तर संपलेलं असतं आणि 'ब्रीद'ची चाल परत येते. थकून घरी आलेला माणूस शेकोटीपाशी हाडं शेकत बसतो आणि शेतांपलीकडून घंटेचा आवाज येतो, लोकांना गुडघे टेकायला बोलावणारा. तो शब्द विरतो आणि पियानो सुरू होतो. तोच 'ग्रेट गिग'चा पियानो. तुमच्या गाण्याचा उंबरठा 'टाइम'मध्येच आहे. फोनवर ही गाणी वेगवेगळी दिसत असली तरी 'ब्रीद'ची ती परत येणारी चाल 'टाइम'चाच भाग म्हणून येते. तिनं 'टाइम' शेवटपर्यंत ऐकलं असेल तर ती तुमच्या दारापर्यंत येऊन गेलेली आहे.

म्हणून तिला फोन करा. निरोप लिहून पाठवू नका, बोला. म्हणा, "बाळ, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं." आणि सांगा की 'टाइम'च्या शेवटच्या मिनिटापासून लाव, पुढचं गाणं आपोआप सुरू होऊ दे. गाणी उलटसुलट क्रमानं वाजवण्याची सोय फोनमध्ये असते, ती आधी बंद करायला सांगा. दोन गाण्यांच्या मधे फट पडत असेल तर तीही सेटिंगमध्ये जाऊन घालवता येते, होस्टेलवरची पोरं हे आपल्यापेक्षा पटकन करतात. कानाला हेडफोन लावायचा, खोलीतली मैत्रीण झोपल्यावर, आवाज बारीक. आणि ते संपलं की 'मनी'ची नाणी वाजायच्या आत थांबवायचं. हे थांबवणं महत्त्वाचं आहे, ते नक्की सांगा. तिच्याकडे कोरी टेप नाही.

ती विचारेल की हेच का. तेव्हा साठच्या कॅसेटची गोष्ट सांगा. आजोबांचं सांगायचं की नाही ते त्या वेळी तुमचं तुम्हाला कळेल. ती कदाचित आजोबांना फोटोतच ओळखत असेल. गाण्यावर भाषण मात्र करू नका. टॉरीची गोष्ट सांगितलीत तर चालेल, पोरींना ती आवडते, माझ्या भाचीनं ती ऐकून मला विचारलं होतं, "मग तिचं नाव आधीच का नाही लावलं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिनं लगेच "भारी आहे" नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, आणि आवडलं का म्हणून पुन्हा पुन्हा विचारू नका. या गाण्यानंतर बोलायला थोडा वेळ लागतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि ती कॅसेट अजून असेल तर जपून ठेवा. चालत नसली तरी. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली की तिच्या हातात द्या आणि 'अ' बाजू कुठपर्यंत भरलेली आहे आणि कुठून कोरी आहे, ते खिडकीतून बोटानं दाखवा.

तुमची,
ताई